बंद केलेला व्हॉल्व्ह

टाकीपासून निघाल्यापासून ती दोघं चालतच होती. निम्म्या वस्त्या मागे पडल्या होत्या, तेवढ्यात भाऊ पुन्हा थांबला आणि मागे वळून बघू लागला. ताईनेही बघितलं. कडेला एक म्हातारा तुटकी चप्पल शिवत बसला होता, बाकी चिटपाखरू नव्हतं.

"त्यालाही आमच्या कामावरच्या जोडीदारानेच पाळतीला बसवलं असेल," भाऊ म्हणाला.

"आणि चप्पलही त्यानेच तोडली असेल."

भाऊ हसला नाही. एरवी घरात सगळ्यांना हसवणारा तोच.

भाऊ पाणीपुरवठा खात्यात होता. रस्त्याकडेच्या चेंबरचं झाकण उचलायचं, लांब लोखंडी चावी आत घालून व्हॉल्व्ह फिरवायचा, एका वस्तीचं पाणी बंद करून दुसरीला सोडायचं, यातच त्याची उमर गेली. सोबतचे दोघे निवृत्त झाले. त्यांच्या जागा कोणी भरल्या नाहीत, वस्त्या मात्र याच्या गळ्यात पडल्या. मदतीला म्हणून एक कंत्राटी जोडीदार दिला आणि तेव्हापासून भाऊने बंद केलेले व्हॉल्व्ह मागाहून उघडे सापडू लागले. खालच्या वस्तीचं पाणी गटारात जायचं आणि चढावरच्या दवाखान्यात नळाला थेंब नसायचा. साहेबांनी सगळ्यांदेखत झापलं. जोडीदाराला आपली पक्की जागा हवी आहे, म्हणून तोच मागोमाग येऊन उघडतो, हे भाऊच्या डोक्यात पक्कं बसलं. आज फेरी संपली की ऑफिसात जाऊन तो त्याचं नाव घेणार होता. कंत्राटी माणसाची चौकशी कोण करत बसतो, त्याच संध्याकाळी त्याला घरी पाठवला असता. साक्षीला कोणी असावं म्हणून भाऊने ताईला सोबत घेतलं होतं.

ताईलाही ते खरं वाटत होतं. जोडीदार जरा जास्तच गोड बोलायचा आणि अशी माणसं तिला पहिल्यापासून खटकत. त्यामुळे वाटेतल्या प्रत्येक दुचाकीकडे, प्रत्येक अर्ध्या उघड्या खिडकीकडे ती टकमक बघत चालली होती.

शाळेमागच्या चेंबरपाशी भाऊने व्हॉल्व्ह बंद केला, झाकण लावलं. थोडं पुढे गेल्यावर त्याचा पाय अडला. घट्ट बसला ना, म्हणून त्याने विचारलं. बसला, ती म्हणाली. तरी तो परत गेलाच. खात्री करायची त्याची जुनी पद्धत होती. चावी उलटी फिरवायची, पाण्याचा आवाज आला की पुन्हा आवळायची. चावी उलटी फिरली, आत पाणी खळखळलं आणि खिशातला फोन वाजला. चढावरून तक्रार आली होती. 'हो साहेब, निघालोच साहेब' करत भाऊने एका हाताने चावी उपसली, पायाने झाकण सरकवलं आणि बोलत बोलतच तो चालू लागला.

ताई तिथेच उभी राहिली. झाकणाखाली पाणी वाहत होतं. तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. आता जे बोलायचं ते जोडीदाराने केलेल्या दग्यापेक्षाही भावाला कडू लागणार होतं.

तिने त्याला हाताला धरून मागे आणलं आणि ऐक म्हणाली. त्याने ऐकलं. आधी आजूबाजूला बघितलं, मग तिच्याकडे, संशयाने.

"कोण आलं होतं?"

"कोणी नाही रे. तूच उघडलास. फोन आला आणि आवळायचं राहिलं."

तो चावीवर रेलला. मग झोप उडाल्याचं, घास हातातच राहतो त्याचं, पाण्याचा आवाज कानातून जात नाही त्याचं, सगळं हळूहळू सांगत गेला. घरी कोणाला त्याने हे कळू दिलं नव्हतं. मध्येच फोन पुन्हा वाजला. तो त्याने तिच्या हातात दिला आणि व्हॉल्व्ह नीट आवळला.

ऑफिसचं फाटक दिसू लागलं तशी त्याची चाल मंदावली.

"ताई, तुझं पटतंय मला," तो म्हणाला. "पण डोळे मिटले की अजून तोच दिसतो, हातात चावी घेतलेला. आत माझ्याबरोबर चल. मी त्याचं नाव घ्यायला लागलो तर साहेबांसमोर मला गप्प कर."