देव्हाऱ्यातली हार्ड डिस्क

माझा धंदा सांगितला की आमच्या गावी, लोह्यात, अजूनही दोनच प्रश्न येतात. "सायबर कॅफे टाकलाय का?" हा पहिला. "मग पुण्याला कवा जाणार?" हा दुसरा. पहिल्याचा मला राग येत नाही. दुसऱ्याचा येतो, आणि मी तो गिळत नाही. नांदेडला माझं स्वतःचं ऑफिस आहे, हाताखाली चार मुली आहेत आणि नांदेड-लातूरकडच्या कितीतरी दवाखान्यांच्या कॉम्प्युटरची राखण आम्ही करतो. चोर यायच्या आधी कड्याकुलपं तपासायची, असं हे काम. पुण्याला न जाता मी ते उभं केलं. फुशारकी वाटत असेल तर वाटू द्या.

पहिलं काम मात्र मला लातूरनं दिलं. नांदेडच्या भाड्याच्या खोलीत, मोबाइलच्या नेटवर रडतखडत शिकून मी सायबर सुरक्षेच्या परीक्षा दिल्या होत्या. त्या प्रमाणपत्रांची पिशवी घेऊन एका लहानशा डायलिसिसच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पिशवी उघडलीच नाही. म्हणाले, "तीन महिने बघू, ताई. न्हाई जमलं तर पुण्याची कंपनी हायच."

म्हणजे खरी परीक्षा आता होती. दवाखान्यानं कागद बंद करून सगळं कॉम्प्युटरवर नेलं होतं. कुणाच्या अंगातून मशीननं किती पाणी काढायचं, कुणाला कुठलं इंजेक्शन चालत नाही, काविळीमुळे कुणाचं मशीन वेगळं ठेवायचं, सगळं त्यात. आणि पासवर्ड सगळ्यांचा एकच, काउंटरमागच्या कॅलेंडरवर निळ्या पेनानं लिहिलेला. मी तो खोडला तर रिसेप्शनवरच्या बाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. "आपल्याच माणसांपासून काय लपवायचं?" असं त्यांचं म्हणणं. गावाला जाताना घराची किल्ली शेजारी देऊन जाणारी माणसं आम्ही. आमच्यात कुलूप लावलं की शेजाऱ्याला वाटतं, आपल्यासाठीच लावलं.

पासवर्डचं एकवेळ जमलं, हार्ड डिस्कचं काही केल्या जमेना. रोज संध्याकाळी सगळ्या नोंदींची एक नक्कल त्या डिस्कवर उतरवायची आणि डिस्क काढून बाजूला ठेवायची, एवढंच मागणं होतं माझं. ती जोडलेली राहिली तर हल्ला झाल्यावर कॉम्प्युटरबरोबर तीही जाते. पण कुणी तिच्यावर सिनेमे भरायचं, कुणी लग्नाचे फोटो. मी सांगून थकले, दोनदा भांडले. पालथ्या घड्यावर पाणी.

डॉक्टरांच्या आई रोज दवाखान्यात यायच्या. माहेर उदगीरकडचं, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. सगळे त्यांना अव्वा म्हणायचे. डॉक्टरांच्या केबिनमधला देव्हारा त्यांचा. आंघोळ केल्याशिवाय त्याला हात लावायची खुद्द डॉक्टरांचीही छाती नव्हती. एकदा मी तिथंच तोंड पाडून बसले होते.

"काय झालं गं पोरी?"

मी सांगितलं. डिस्क का काढायची, पासवर्ड का द्यायचा नाही, सगळं साध्या भाषेत सांगितलं. अव्वांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला.

"म्हंजे ह्याच्यासारखंच की. जिवापाड जपायचं, कुणाच्या हातात द्यायचं न्हाई."

"तसंच, अव्वा."

"मग ती तुझी पेटी आण हिकडं."

त्या दिवसापासून दिवाबत्तीच्या आधी नक्कल उतरवायची, आणि डिस्क प्लास्टिकच्या डबीत घालून देव्हाऱ्यात ठेवायला अव्वांच्या स्वाधीन करायची, असा रिवाज पडला. अव्वांनी डबीला विभूती लावली. डॉक्टर हसले. मलाही थोडी लाज वाटली, खोटं कशाला बोलू? एवढ्या परीक्षा देऊन शेवटी देव्हाऱ्याचा आसरा घेतला होता. अहवालात मी लिहिलं, 'डिस्क सुरक्षित ठिकाणी, जोडणीपासून दूर.'

तिसऱ्या महिन्यात, एका सोमवारी सकाळी मी दवाखान्यात पाय ठेवते तोच रिसेप्शनवरच्या बाई किंचाळल्या. बिल म्हणून आलेली एक फाइल त्यांनी उघडली होती. पडदे काळे पडले होते, आणि नोंदी परत हव्या असतील तर पैसे भरा, असा इंग्रजी मजकूर प्रत्येक कॉम्प्युटरवर होता. बाहेर बाकावर पहिल्या पाळीचे सहा पेशंट बसले होते. डॉक्टरांनी पुण्याच्या कंपनीला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, की नक्कल नसेल तर फार काही हातात नाही. डॉक्टर खुर्चीत बसले. त्यांना तसं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मी आधी नेटच्या सगळ्या वायरी उपटल्या आणि केबिनकडे पळाले. पळताना एकच भीती, रविवारच्या सुट्टीत डिस्क कुणी नेली तर नसेल?

अव्वा देव्हाऱ्यापुढंच होत्या. "कुठं जाती? हाय हितंच. शनिवारी जाताना ह्यानंच मागितली व्हती," त्यांनी माझ्यामागून आत आलेल्या आपल्या पोराकडे बोट केलं, "साडूच्या पोरीच्या लग्नाचे फोटो घ्यायला. म्या दिली न्हाई."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. मग एकदम पुढं होऊन त्यांनी डबी घेतली आणि काउंटरवरच्या कॉम्प्युटरकडे निघाले.

"हात लावू नका!" मी ओरडले. "त्याला जोडलीत तर हीसुद्धा जाईल!"

मला पगार देणाऱ्या माणसावर मी भर दवाखान्यात ओरडले होते. डॉक्टरांनी डबी माझ्या हातात दिली.

माझ्या स्वतःच्या लॅपटॉपला डिस्क जोडली. डिस्कची तपासणी चालू झाली. बाकावरचे एक म्हातारे गुरुजी उठून काउंटरशी आले. निलंग्याकडून पहाटेच्या एसटीनं आलेले, पाय सुजलेले, दोन शब्द बोलले की दम लागत होता.

"बाई, माझं नाव हाय का त्यात?"

"बघायलेय, गुरुजी. बसा."

ते बसले नाहीत. पडद्यावरची पट्टी हळूहळू भरत गेली आणि यादी उघडली. वजन, इंजेक्शन, मशीनचा नंबर, शनिवार संध्याकाळपर्यंतचं सगळं. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावरून वाकून एकेक आकडा वाचला आणि आत नर्सला ओरडून सांगितलं, "सुरू करा!"

"हाय, गुरुजी," मी म्हणाले. "सगळं हाय."

गुरुजींनी चपला काढल्या आणि भिंतीचा आधार घेत आत गेले. थोड्या वेळानं त्यांचं मशीन चालू झाल्याचा आवाज आला. तो ऐकून मी काउंटरवर डोकं टेकून सगळ्यांदेखत रडले.