बिअरचा पाक

बिअर उकळली, की कडवट वास घरभर पसरतो. चिकनला लावायला मी तिच्यात गूळ घालून पाक आटवत होते. त्या वासाने हे स्वयंपाकघराच्या दारात आले. डॉक्टरांनी ह्यांची दारू बंद केली आहे.

"अगं, बाटलीत घोटभर तरी उरली असेल."

"उरली होती. कढीपत्त्याच्या कुंडीत ओतली. तो तरी टवटवीत राहील."

मी पाकाचा चमचा पुढे केला. ह्यांनी डोळे मिटून चाटला.

"नुसता गोड आहे गं."

आटवताना माणसाला हवं असतं तेच आधी उडून जातं. उरतं ते पाहुण्यांना आवडतं. ह्यांनाही हल्ली सगळे म्हणतात, किती छान सुधारलात!

थोड्या वेळाने पाहिलं, तर हे गॅलरीत कुंडीवर वाकले होते.

"वाकू नका," मी म्हटलं, "कंबर धरेल."