नळावरचा आकडा

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पंपहाऊसमागच्या गल्लीत एक बाई यायची. खांद्याला खाकी पिशवी, पायात रबरी चपला, नाकावर घसरलेला चष्मा. सगळे तिला नळीबाई म्हणायचे. हे नाव कुणी प्रेमाने ठेवलेलं नव्हतं, आणि तिनेही ते कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. पिशवीत काचेची एक नळी, औषधाची बाटली आणि पिवळ्या छटांची एक पट्टी. नळाचं पाणी नळीत घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे आणि हलवायचं. जंतू मारणारं क्लोरीन पाण्यात शिल्लक असेल तर पाणी पिवळं होतं. ती छटा पट्टीवरच्या छटेशी जुळवायची आणि समोरचा आकडा वाचायचा. पॉइंट दोन किंवा त्याच्या वर म्हणजे पास, खाली म्हणजे नापास. पाणीपुरवठा खात्यात ती सव्वीस वर्षं हेच काम करत आली होती. निदान कागदावर तरी.

कागदावर म्हणायचं कारण असं, की नळ होते तीस आणि बाई एक. गाडी नाही, मदतनीस नाही. मग खात्यात एक रीत पडून गेली होती. सोमवारी जवळचे सहा नळ खरोखर तपासायचे आणि बाकीच्या चोवीस नळांचे आठवड्याचे आकडे खुर्चीत बसून लिहून टाकायचे. याला खात्यात ‘रंग भरणं’ म्हणत. ज्याने तिला नळी धरायला शिकवली त्यानेच रंग भरायलाही शिकवलं होतं. नेहमी पॉइंट तीन लिहायचं. फार कमी नाही, फार जास्त नाही, पॉइंट तीनला कुणी काही विचारत नाही. खाली तिची गोल, सुबक सही. यात आपण काही वाईट करतो असं तिला कधी वाटलंच नाही, कारण आजूबाजूला सगळे तेच करत होते. पापाला सोबत मिळाली की ते पाप वाटेनासं होतं, ही माणसाची जुनी खोड.

तीन वर्षांपूर्वी पंपहाऊसमागच्या गल्लीत पाण्याचा पाइप गटाराखाली फुटला. अकरा दिवस गटाराचं पाणी लोकांच्या माठात जात राहिलं. त्या अकराही दिवसांचा आकडा होता पॉइंट तीन. गल्लीत घरोघर कावीळ पसरली. नळासमोरच्या दुकानात कपडे शिवणाऱ्या टेलरबाईंची सून सात महिन्यांची गरोदर होती. सून वाचली. बाळ गेलं.

त्यानंतर जे झालं ते पाहून एखाद्या दगडाचाही या जगावरचा विश्वास उडाला असता. खात्याने चौकशी समिती नेमली आणि समितीने शोधून काढलं की दोष पाइपचा नव्हताच, लोक पाणी साठवून ठेवतात त्याचा होता. वर्तमानपत्राने हा शोध पहिल्या पानावर छापला, आणि त्याच्याच खाली पाण्याचे जार विकणाऱ्या कंपनीची अर्धं पान जाहिरात. कंपनीने जारचा भाव वाढवला. मग एक सेवाभावी संस्था आली. तिने घरटी एक फिल्टर वाटला, प्रत्येक फिल्टरबरोबर एक फोटो काढला आणि गेली. तीन महिन्यांत फिल्टरच्या आतल्या कांड्या संपल्या. नव्या मागायला फोन केला तर तिकडून सांगण्यात आलं की ती योजना आता बंद झाली. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, अशातली गत. फरक एवढाच, की इथलं आंधळं मुळीच आंधळं नव्हतं, ते डोळे मिटून बसलं होतं.

गल्ली शहाणी झाली, म्हणजे तिचा कुणावरच भरवसा उरला नाही. नोटिशीवर नाही, बातमीवर नाही, जारच्या सीलवर नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. इथे तर पाण्यानेच पोळलं होतं.

समितीचा अहवाल आला त्या दिवशी नळीबाई टेलरबाईंच्या दुकानात गेली. तिला कुणी पाठवलं नव्हतं. उलट, साहेबांना कळलं असतं तर त्यांच्या तोंडचं पाणी पळालं असतं. दारात उभी राहून तिने सांगितलं की त्या अकरा दिवसांच्या कागदावर सही माझी आहे, आणि मी त्या दिवसांत या नळापाशी आलेच नव्हते. टेलरबाईंचं मशीन चालू होतं. ते थांबलं नाही. त्यांनी मान वर केली नाही, शिवी दिली नाही, बस म्हटलं नाही की निघ म्हटलं नाही. नळीबाई तशीच घरी आली. एखादी थोबाडीत बसली असती तर बरं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून तिने रंग भरणं सोडलं. पहाटे उठून पायी निघायची, तीस नळ दोन दिवसांत करायची आणि पुन्हा पहिल्यापासून. पंपहाऊसमागचा नळ मात्र रोज. एवढ्यावर भागत नव्हतं, कारण खात्याच्या कागदाला आता रद्दीचाही मान नव्हता. म्हणून तिने एक खडू घेतला आणि नळाच्या वरच्या भिंतीवर तारीख आणि आकडा लिहायला सुरुवात केली. तपासलं तिथेच, तेव्हाच, सगळ्यांच्या देखत. चांगला असेल तर चांगला, वाईट असेल तर वाईट.

सुरुवातीला लोक हसले. खडूचं काय, कुणीही लिहील, असं दूधवाला म्हणाला, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. तिच्या घरी तरी काय वेगळं होतं. तिच्या सासूबाई सुनेने तपासलेलं पाणी पीत नसत, जार मागवत. तू नळी हलवतेस ते ठीक आहे, पण तुझ्या खात्याला मी ओळखून आहे, असं त्या सुनेच्या तोंडावर सांगत.

मग एका सकाळी पाणी नळीत पिवळं झालंच नाही. तिने भिंतीवर हातभर मोठं शून्य काढलं आणि खाली लिहिलं, पिऊ नका. दहा मिनिटांत गल्ली रस्त्यावर आली, खात्यातले फोन वाजून वाजून थकले, आणि एरवी आठ दिवस न येणारी दुरुस्तीची गाडी चार तासांत येऊन उभी राहिली. त्या दिवसापासून लोक भिंतीपाशी थांबून आकडा वाचू लागले. मानत होते असं नाही. पण वाचत होते. टेलरबाई मात्र तिकडे बघतही नसत. पाणी उकळायचं, गाळायचं, थंड करायचं आणि पुन्हा उकळायचं, हा त्यांचा नेम चुकला नाही.

साहेबांनी नळीबाईला बोलावून घेतलं. भिंती खराब होतात, लोक घाबरतात, आकडे जाहीर करायचे ते खातं करेल, असं त्यांनी सौम्यपणे समजावलं. तिने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी आकडा लिहिला. मग पत्र आलं. तिने आकडा लिहिला. मग दुसरं पत्र आलं, की एक तारखेपासून तुमची बदली रेकॉर्डरूममध्ये, नळी आणि पिशवी जमा करावी.

नवरा बस चालवायचा. स्वभावाने गरीब, भांडणापासून चार हात लांब राहणारा. तो म्हणाला, चार वर्षं राहिली आहेत नोकरीची, डोळे मिटून काढ. त्यावर कोपऱ्यात जारचं पाणी पीत बसलेल्या सासूबाई बोलल्या.

"डोळे मिटूनच तर ते बाळ गेलं. आता उघडलेत तर राहू देत तिचे उघडे."

सासूने सुनेची बाजू घेण्याची त्या घरातली ती पहिलीच वेळ.

त्याच महिन्यात खात्याला एक नवीन कल्पना सुचली. लोकांचा विश्वास उडालाय ना, मग विश्वास अभियान करू. चौकाचौकात पिवळे फलक लागले, ‘आपलं पाणी, आपला विश्वास’. खाली जारच्या कंपनीचं नाव, त्याच्या शेजारी फिल्टरवाल्या संस्थेचं, आणि कोपऱ्यात वर्तमानपत्राचं. ज्यांनी ज्यांनी तोंडाला पानं पुसली होती ते सगळे एका ओळीत हजर. उद्घाटन कुठे, तर पंपहाऊसमागच्या गल्लीत, त्याच नळावर. साहेब सगळ्यांसमोर नळाचं पाणी पिणार होते. पण त्याआधी नळीबाईने पाणी तपासून आकडा मोठ्याने सांगायचा होता, कारण शहरात लोक थांबून वाचतात असा तेवढा एकच आकडा उरला होता. साहेबांनी तिला खासगीत सांगितलं की कार्यक्रम नीट पार पडला तर आलेलं बदलीचं पत्र नुसतं फायलीत पडून राहील. ती म्हणाली, नळी दाखवेल ते सांगेन, चांगलं निघालं तर तुमचं नशीब.

हे ती ठसक्यात म्हणाली खरी, पण आपणच आपल्याला फसवू नये. तिलाही ते चांगलंच निघायला हवं होतं. हा नळ आपल्या हातून सुटला तर उद्यापासून इथे कोण येणार, आणि जो येईल तो पुन्हा खुर्चीत बसून पॉइंट तीन लिहिणार, हे तिला दिसत होतं.

नळावर मांडव घातला होता, अभियानाच्या रंगाच्या पिवळ्याधमक कापडाचा. खुर्च्या, माइक, कॅमेरा. गल्ली हाताची घडी घालून उभी. नळीबाईने पाणी घेतलं, थेंब टाकले, हलवलं आणि नळी डोळ्यांसमोर धरली. छान पिवळं दिसलं. तिने पट्टी लावली.

"पॉइंट दोन," ती म्हणाली, आणि वळून भिंतीवर लिहिलंही. साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला आणि पेल्याकडे हात नेला.

तेवढ्यात समोरच्या दुकानातलं मशीन थांबलं. टेलरबाई उठून आल्या. साठीच्या, किडकिडीत, गळ्यात मोजपट्टी. गर्दीने वाट दिली. त्यांनी नळीबाईपुढे हात केला आणि म्हणाल्या, "द्या इकडे."

नळी आणि पट्टी हातात घेऊन त्या सरळ मांडवाबाहेर चालत गेल्या आणि उन्हात उभ्या राहिल्या. चाळीस वर्षं त्यांनी कापडाला धागा जुळवला होता. दुकानातल्या उजेडात जुळलेला धागा बाहेर नेल्यावर दगा देतो, म्हणून गिऱ्हाइकाचं कापड उचलून आधी रस्त्यावर यायचं, ही त्यांची सवय. त्यांनी नळी पट्टीवर एकदा वर सरकवली, एकदा खाली.

"हे दोन नाही," त्या म्हणाल्या. "दोनच्या खालचं आहे. पिवळ्या कापडाखाली पिवळा रंग बघतात का, बाई?"

नळीबाई उन्हात गेली. चष्मा पुसून पाहिलं. पॉइंट एक. नापास. चूक मांडवाची होती, चष्म्याची होती, की चांगलं निघावं म्हणून आतून हटून बसलेल्या मनाची, हे तिला त्यानंतरही कधी सांगता आलं नाही. तिचे कान तापले. सव्वीस वर्षांची नोकरी आणि एका टेलरने सगळ्या गावादेखत चूक काढली. पण त्या लाजेच्या तळाशी तिला एकदम हलकंही वाटलं. तीन वर्षांनी ही बाई तिच्याशी बोलली होती.

ती भिंतीपाशी गेली आणि पदराने दोनाचा आकडा पुसू लागली. साहेब जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाले की एकदा दोन म्हणालात ना, आता राहू द्या, दोन आणि एकात असं काय मोठं अंतर आहे. माइक चालू होता, त्यामुळे दबका आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. नळीबाईचं उत्तरही गेलं.

"म्हणाले होते, साहेब. चुकले. तीन वर्षांपूर्वीही चुकले होते, तेव्हा पुसलं नाही. आता पुसते."

आणि तिने लिहिलं, पॉइंट एक, नापास, उकळून प्या. साहेबांच्या हातातला पेला हातातच राहिला. पीत का नाही, असं मागून दूधवाल्याने विचारलं, आणि गल्ली मोकळेपणाने हसली. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात साहेबांचा पेल्यासकट फोटो आला. आकड्याचा उल्लेख नव्हता.

बदलीचं पत्र फायलीतून बाहेर आलं. एक तारखेला नळीबाईने नळी, पट्टी, पिशवी जमा केली आणि रेकॉर्डरूममध्ये जाऊन बसली. तिथे तिची स्वतःचीच वर्षं गठ्ठ्यांनी बांधून ठेवलेली होती, पॉइंट तीन, पॉइंट तीन, पॉइंट तीन. पुढे काय, हे तिला ठाऊक नव्हतं. पण दोन तारखेला पहाटे जाग आली ती आलीच, आणि पायांनी आपली वाट धरली.

नळापाशी टेलरबाई उभ्या होत्या. हातात कोरी करकरीत नळी, औषधाची बाटली आणि पट्टी, सगळं औषधांच्या दुकानातून मागवलेलं, आणि सोबतच्या कागदावरची बारीक अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती. किती थेंब टाकायचे, एवढंच त्यांनी विचारलं. नळीबाईने सांगितलं. दोघी उन्हाच्या तुकड्यात जाऊन उभ्या राहिल्या. दोघींनी पाहिलं, आणि दोघींचं एकमत होईपर्यंत कुणी आकडा बोललं नाही.

"एक लक्षात ठेवा," टेलरबाई म्हणाल्या. "माझा तुमच्यावर विश्वास नाही."

"ठेवूही नका," नळीबाई म्हणाली. "रोज बघायला या."

पॉइंट तीन होता. खरा. टेलरबाईंनी कापडावर खुणा करायचा आपला निळा खडू काढला आणि आकडा लिहिला.

त्याच वेळी बादली आणि ब्रश घेऊन खात्याचा माणूस आला. वयस्क, ओशाळलेला. भिंत धुवायचा हुकूम होता, रोज धुवायचा. तो बिचारा आकड्याकडे आणि दोघींकडे आळीपाळीने बघत उभा राहिला. टेलरबाईंनी त्याची बादली घेतली, नळाखाली लावली आणि भरून त्याच्यापुढे ठेवली.

"नऊ वाजेपर्यंत थांब, लोकांना वाचू दे. मग खुशाल धू," त्या म्हणाल्या. "उद्याच्या आकड्याला जागा लागणारच आहे."