सावनेरच्या पाहुण्यांसाठी लाल कमळ

मनोहररावांनी घरात विजेची भट्टी बसवली ती चौऱ्याहत्तर साली, आणि तेव्हापासून आमच्या गल्लीतले दिवे मिणमिणू लागले. इतवारीच्या बाजारात इस्त्र्या-हिटर दुरुस्त करणारे गृहस्थ. हिटरच्याच तारा विटांत गुंफल्या आणि रातोरात कलावंत झाले.

फिरोजाबादेहून एक काच आणायचे. दिसायला फिकट पिवळी, एरंडेलासारखी. साध्या काचेवर तिचे तुकडे मांडून भट्टीत ठेवले की दोन्ही एकजीव व्हायच्या आणि पिवळ्याचा लालभडक रंग व्हायचा. पण भट्टी पुरती थंड होईपर्यंत दार उघडायचं नाही, नाहीतर काच तडकते. हे ज्ञान त्यांनी दूधवाल्यालाही दिलं होतं.

इतका धीर काचेसाठी. मुलगी सुमती सावळी, तिच्यासाठी मात्र घाई. मलई-बेसन, संत्र्याच्या सालीची पूड, कुणीतरी सुचवलेलं कुठलंतरी मलम. पोरीच्या चेहऱ्यावर इतकं थापलं गेलं की तेवढ्यात एक पंगत उठली असती. मला संताप यायचा, पण शेजाऱ्याच्या संतापाला कोण विचारतं?

सावनेरचे पाहुणे मुलगी पाहायला आले तेव्हा मलाही बोलावलं होतं, तारीफ करायला. पाहुण्यांना भेट म्हणून, त्यांच्या दारावर लावायला केलेलं लाल कमळ भट्टीत होतं, अजून गरम. मुलाचे वडील गोपाळराव यांनी टेबलावर उरलेला काचेचा तुकडा उचलला.

"कमळ याचंच का? हे तं फिक्कं आहे जी."

"आता रंग पाहू नका जी," मनोहरराव ऐटीत म्हणाले. "आगीतून निघू द्या, मंग बोला."

पाहुण्यांनी माना डोलावल्या. काचेवर त्यांचा लगेच विश्वास बसला.

मग सुमती पोहे घेऊन आली. गोपाळरावांनी तिला खालून वर न्याहाळलं. "पोरगी सावळी आहे."

"भट्टीपुढं बसून राहते ना, म्हणून," मनोहरराव घाईघाईने म्हणाले. "उतरून जाईन रंग."

सुमतीने ट्रे खाली ठेवला. हाताला फडकं गुंडाळलं आणि भट्टीचं दार सताड उघडलं. थोड्याच वेळात आतून टण्णकन आवाज आला. कमळ लालभडक उतरलं होतं आणि मधोमध तडकलं होतं.

"काचेचा रंग पाहू नका म्हणाले तुम्ही, बाबा. माह्या वेळी काहून नाही म्हटलं?"

पाहुणे पोहे अर्धवट टाकून गेले.

तडकलेलं कमळ मनोहररावांनी आपल्याच दारात बसवलं. मलईचं भांडं यमुताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, पुन्हा स्वयंपाकघरात नेलं.

पुढे लकडगंजचे पाहुणे आले. टेकले न टेकले तोच म्हणाले, "फोटोत गोरी वाटत होती."

मनोहरराव उठून उभे राहिले. "चहा घ्या अन् निघा."

त्यांनी चहा घेतला नाही. मग तो सुमतीने आणि मी संपवला.