काजवाल्या वहिनींनी नाटकात विचारलेला प्रश्न

ज्यांच्याविषयी मी हे लिहिले आहे, त्यांना आमच्या प्रौढ वर्गात सगळे काजवाल्या वहिनी म्हणत. नवऱ्याच्या शिवणकामाच्या दुकानात त्यांनी बारा वर्षे काजे केली होती. नवरा वारला, तेव्हा धाकट्या दिरांनी दुकान आपल्या नावावर करून घेतले आणि वहिनींच्या मशीनवर कापडाचे गठ्ठे रचले. "वहिनी, आता तुम्ही घरी आराम करा," एवढेच ते म्हणाले. त्यानंतर सहा वर्षे दोघे एकाच गल्लीत राहिले, परंतु एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. वहिनींना दुकानातली आपली जागा परत हवी होती. दुसरे काही नको होते.

पुढे अक्षरओळखीसाठी दोघेही एकाच वर्गात आले. दीर पहिल्या बाकावर बसत, वहिनी पार खिडकीशी. वर्षअखेरीस बाईंनी नाटक बसवायला घेतले. त्यात धाकटा भाऊ हावरेपणाने थोरल्याचे घर बळकावतो आणि थोरल्याची विधवा त्याला विष पाजून सूड घेते. बाई या भागात नवीन होत्या. त्यांनी नेमक्या त्या भूमिका या दोघांना दिल्या. आम्ही बाकीचे माना खाली घालून बसलो.

ज्याला वाचायला जड जाई, त्याला समोरच्या पात्राने वाक्य वाचून दाखवावे आणि त्याने ते ऐकून पाठ करावे, अशी आमच्या वर्गाची रीत होती. दिरांचे वाचन फार अडखळे. त्यामुळे स्वतःच्या लोभाची वाक्ये त्यांना वहिनींच्या तोंडून घ्यावी लागली.

वहिनींनी वहीवर बोट ठेवून वाचले, "मला हाव सुटली, म्हणून मी दादाचं घर गिळलं."

दिरांची कानशिले लाल झाली.

"म्हणा ना," बाई म्हणाल्या.

"हे मी म्हणणार नाही. बाई, कुठला माणूस आपल्या तोंडानं 'मला हाव सुटली' म्हणतो?"

"मग काय म्हणतो?"

"म्हणतो, मी सांभाळायला घेतलं."

बाई वहिनींकडे वळल्या. "आणि ही बाई विष का देते हो? घरासाठी?"

वहिनींनी वही मिटली. "नाही. तिला कुणी विचारलंच नाही, म्हणून."

मागच्या बाकावर कोणीतरी खाकरले. बाईंना मात्र दोघांचे म्हणणे पटले आणि त्यांनी दिरांचे ते वाक्य बदलून घेतले.

प्रयोगाला दीडशे माणसे आली होती. त्यांत निम्मी आमच्या गल्लीतली. दिरांनी छाती पुढे काढून म्हटले, "मी सांभाळायला घेतलं!" आता वहिनींनी विषाचा पेला पुढे करायचा होता. त्यांनी तो केला नाही.

"कधीपर्यंत?" त्यांनी विचारले.

हे वहीत नव्हते. पडद्याआड बाई भराभर पाने उलटू लागल्या. पहिल्या रांगेतला न्हावी ओरडला, "बोला की टेलरमास्तर, दातखीळ बसली का?"

"तुम्ही मागेपर्यंत," दीर कसेबसे म्हणाले.

"मग आज मागते." आणि त्यांनी पेला पुढे केला. दिरांनी तो घटाघटा रिकामा केला आणि ते उभेच राहिले. "पडा, भावोजी," वहिनी दातांमधून पुटपुटल्या, तेव्हा ते पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सदरा अल्टर करून घ्यायला दुकानात गेलो होतो. नऊ वाजता वहिनी दारात आल्या.

"वहिनी, नाटकातलं नाटकातच राहू द्या," दीर म्हणाले.

"दीडशे माणसांनी ऐकलंय, भावोजी. कुणाकुणाला सांगत फिरणार, ते नाटक होतं म्हणून?"

दीर कात्री हातात धरून उभे राहिले. ते गठ्ठ्यांकडे गेले नाहीत. वहिनींनी स्वतःच एकेक गठ्ठा उचलून जमिनीवर ठेवला. सात गठ्ठे होते. दिरांनी हात लावला नाही आणि त्यांना अडवलेही नाही. मशीन तेलावाचून कोरडे पडले होते. वहिनींनी दिरांसमोर हात पुढे केला, आणि बराच वेळ तो तसाच राहिला. अखेर दिरांनी, त्यांच्याकडे न पाहता, तेलाची बाटली टेबलावरून त्यांच्याकडे सरकवली.