मामांच्या कडीच्या रायफली

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या मामांवर. मागच्याच्या मागच्या विधानसभेच्या आचारसंहितेत, ऐन खंडेनवमीच्या सकाळी, आरतीच्या वेळी झाला. त्याबद्दल आजपर्यंत कुणीही माफी मागितलेली नाही, म्हणून हे लिहिते आहे. ठाण्याचं नाव लिहीत नाही, कारण तशी मामांनी मला शपथ घातली आहे. एरवी मी नावं घेते. कॉलेजात असताना बसच्या पासापासून वसतिगृहाच्या पाण्यापर्यंत सगळ्यांवर मी पत्रकं काढली आणि एकाही पत्रकात "संबंधित अधिकारी" असा गुळमुळीत शब्द वापरला नाही.

अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात पहिल्या महायुद्धाचं वैयक्तिक दुःख असलेला माणूस एकच, आमचे मामा. मामा युद्धात नव्हते, फौजेतही नव्हते. भरतीला गेले होते, पण छाती भरली नाही. मग ते एसटीत कंडक्टर झाले आणि निवृत्त होईपर्यंत तिकिटं फाडत राहिले, म्हणून तामलवाडीच्या अलीकडं-पलीकडं त्यांना सगळे अजून मास्तरच म्हणतात. पण त्यांच्या वडिलांच्या नावावर पिकाच्या राखणीसाठी एक परवाना होता, आणि त्या परवान्यावर एक रायफल. पहिल्या महायुद्धात पलटणीत असलेली, मग नळी बदलून परवान्याच्या मापात बसवलेली, लाकडी दांड्याची, कडीची रायफल. वडील गेल्यावर सगळे कागद रीतसर करून ती मामांकडं आली, आणि मामांची जी छाती भरायची राहिली होती ती एका दिवसात भरली.

कडीची रायफल म्हणजे काय, हे मामा भेटेल त्याला समजावतात. तुम्ही विचारलं नसलं तरी समजावतात. दाराला कडी असते ना, आडवी? वर उचलायची, मागं ओढायची, पुढं ढकलायची, खाली पाडायची. तसंच बंदुकीचं. एवढं सांगून ते उठतात आणि करून दाखवतात: "उचल. ओढ. ढकल. पाड." या चार शब्दांवर त्यांचं सगळं जगणं चालतं. स्कूटरला किक मारायची असो, पिठाच्या डब्याचं झाकण उघडायचं असो, की जावयाला पंगतीत आग्रह करायचा असो, तोंडानं चार हुकूम चालूच. एकदा आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याला सलाईन लावताना नर्सला शीर सापडेना. मामा खाटेच्या पायथ्याशी उभं राहून तिला हुकूम देऊ लागले. तिनं त्यांना बाहेर काढलं. त्यांनी बाहेरून खिडकीतनं देणं चालू ठेवलं.

माणूस एका रायफलीवर थांबला असता तर मला लिहायला फारसं काही उरलं नसतं. पण मामांना संग्रह करायचा होता. जगातल्या सगळ्या पलटणींच्या जुन्या कडीच्या रायफली, एका ओळीत, आपल्या ओसरीवर. आता कायदा म्हणतो, माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, आणि त्याही परवान्यात बसणाऱ्या. कायद्यावर मी अख्खं पत्रक काढू शकते, मामा मात्र तो देवासारखा मानतात. म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला. सोलापूरच्या फुटपाथवरनं जुनी सचित्र पुस्तकं आणली, गावातल्या सुताराला बसवून घेतलं, आणि बाभळीच्या लाकडाच्या चार रायफली करून घेतल्या. जर्मनीची, रशियाची, जपानची आणि इटलीची. मापाला माप. इटलीचीला मध्येच गाठ आली, तर मामा म्हणाले, चालतंय, इटलीचं तसंच होतं.

राहता राहिली कडी. लाकडाची कडी खटका देत नाही. म्हणून मामांनी घराच्या दारांच्या कड्या काढून त्या रायफलींना बसवल्या. जर्मनीला देवघराची, रशियाला कोठीची, जपानला माडीची, इटलीला न्हाणीघराची. तेव्हापासून त्या घरात एकही दार आतनं लागत नाही. न्हाणीघरात गेलेल्या माणसानं आंघोळ होईपर्यंत मोठ्यानं अभंग म्हणायचा असा नियम आहे, आणि ज्याला अभंग येत नाही त्यानं बाराखडी म्हणायची. माझं लग्न ठरवायला आलेले एक पाहुणे तिथं "ढ"पर्यंत पोचले होते, तेवढ्यात मामींनी दार ढकललं. ते स्थळ जमलं नाही. मला त्याचं दुःख नाही, पण मामींना आहे. "सगळ्या जगाच्या पलटणीला कड्या हायत," त्या म्हणतात, "फकस्त माझ्या मोरीला न्हाय."

खऱ्या रायफलीतून मामा वर्षाला एकच गोळी झाडत. सोलापूरकडं नेमबाजीची एक रेंज आहे, तिथं, रीतसर. हात कापू नये म्हणून आदल्या दिवशी चहा बंद. श्वास ठरावा म्हणून मामींशी बोलणं बंद. मामींना हा दिवस दिवाळीइतका आवडे. मग रेंजवर ते पालथे पडत, चार हुकूम स्वतःलाच देत, आणि गोळी सुटे. ती आपल्या निशाणाच्या फळ्यावर कधी लागली नाही. एका वर्षी मात्र शेजारच्या माणसाच्या फळ्यावर, काळ्या वर्तुळाच्या अगदी मधोमध लागली. त्या माणसाला पदक मिळालं. मी जागच्या जागी निषेध नोंदवायला निघाले, तर मामांनी माझा दंड धरला. "असू दे पोरी," ते म्हणाले. "गोळी आपली हाय. ती कुणाच्या अंगणात खेळली त्याला महत्त्व न्हाय."

परवाना पिकाच्या राखणीचा, तेव्हा गावाची अपेक्षा असणारच. रानडुकरांनी ज्वारी आडवी केली की लोक मामांकडं येत. मामा जिवाला मारणार नाहीत, पण नाही म्हणणंही शोभत नाही. एकदा दिवस मावळता ते बांधावर गेले, डुकरांसमोर उभे राहिले आणि रिकाम्या रायफलीची कडी जोरात वाजवली. डुकरांनी माना वर केल्या, पाहिलं आणि पुन्हा खायला लागली. मामांनी पुन्हा वाजवली. एक डुक्कर बसलं. तेवढ्यात मागच्या शेतातल्यानं तेरखेड्याहून आणलेला सुतळी बॉम्ब लावला, आणि डुकरं पार पलीकडच्या शिवारात गेली. दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर मामांना शाल-श्रीफळ. मामा परोपरीनं सांगत होते की म्या गोळी झाडलीच न्हाय. लोक म्हणाले, बघा, केवढा माणूस, आणि केवढा साधा.

आता मूळ अन्यायाकडं येते.

निवडणूक लागली की परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करावी लागतात. मामा त्या वर्षीही जमा करायला निघाले. रायफल मामींच्या जुन्या मऊ इरकलीत गुंडाळलेली, वर दोरी. ठाण्यातल्या हवालदाराला त्यांनी सूचना दिल्या: उभी ठेवा, भिंतीला टेकवू नका, सादळू देऊ नका, मधून मधून विचारपूस करा. हवालदार भला माणूस. म्हणाला, "मास्तर, काळजीच सोडा. घरच्यासारखी ठेवतो." इथंच घात झाला. त्यानं ती खरोखरच घरच्यासारखी ठेवली.

खंडेनवमी आली. ठाण्यात शस्त्रपूजा. जमा झालेल्या बाकी बंदुकांना बोटभर कुंकू मिळालं. मामांची रायफल सगळ्यांत वयस्कर, म्हणून ती पाटावर. हळद, कुंकू, झेंडूची माळ, आणि नारळही तिच्याच दांड्यावर फोडला. हे सगळं हवालदारानं मामांना नंतर अभिमानानं सांगितलं. निकाल लागले, आचारसंहिता उठली, मामा रायफल आणायला गेले, ठाण्याच्या पायरीवर उभं राहून म्हणाले, "उचल," आणि कडी उचलली गेली नाही. पुन्हा म्हणाले. दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. कडी लागली ती लागलीच.

इथं हसू नका. पुढच्याच सोमवारी धाराशिवला परवान्याची तपासणी होती. नूतनीकरणाआधी शस्त्र समोर ठेवायचं, उघडून दाखवायचं. उघडलं नाही तर शेरा पडणार, निकामी, आणि निकामी शस्त्र सरकारजमा. मग ते कुठल्या भट्टीत जातं, हे कुणी सांगत नाही. मामांनी करडईचं तेल सोडलं, रॉकेल सोडलं, शेवटी अंगारा लावला. काही हललं नाही. त्यातच घरात लाल मुंग्या झाल्या. दाराच्या फटीतनं रांग निघायची, ती थेट रायफलीवर चढायची. मामा चिमटीनं एकेक मुंगी काढत बसत. त्या आठवड्यात त्यांच्या तोंडून चार हुकूम एकदाही आले नाहीत. जेवताना मामींनी स्वतःहून विचारलं, भात वाढू का, उचल-ओढ काहीतरी म्हणा. तर नुसती मान हलवली. मामी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसत होत्या. ज्या बंदुकीला त्यांनी जन्मभर सवत म्हटलं, तिच्यासाठी.

मी पत्रक काढलं. मथळा असा: "नारळाच्या पाण्यानं गंजली एका नागरिकाची इभ्रत." खाली पाच मागण्या, पहिली हवालदाराच्या निलंबनाची. धाराशिवहून छापून गठ्ठा घेऊन आले आणि मामांपुढं ठेवला. मामांनी चष्मा लावून सगळं वाचलं. मग शांतपणे एकेक पत्रक घेऊन त्याचे चौकोनी तुकडे करायला लागले.

"मामा, हे काय?"

"नळी पुसायला कागद बरा हाय. जाड हाय."

"आणि निषेध?"

"त्यांनी पूजा केली, पोरी. तोंडानं शिवी दिली असती तर म्या तुझ्यासंगं उपोषणाला बसलो असतो. पूजेवर कसा बसू?"

मी उरलेली पत्रकं पुढं ओढली आणि त्यांच्याबरोबर तुकडे करायला बसले. हे माझ्या बाबतीत क्वचित घडतं.

सोमवारी आम्ही एसटीनं धाराशिवला निघालो. मामा जुन्या ओळखीवर ड्रायव्हरशेजारी बसले. गाडी जुनी, इंजिनाचा बॉनेट आतच, तव्यासारखा तापलेला. त्यावर त्यांनी इरकलीत गुंडाळलेली रायफल आडवी ठेवली आणि वरनं हात ठेवून बसले, जसं आजारी माणसाला दवाखान्यात नेताना बसतात. तुळजापूर गेलं, घाट गेला. कंडक्टरनं तिकीट विचारलं तर यांनी त्यालाच सुटे मागितले, सवयीनं. एवढाच विनोद.

कार्यालयात आमचा नंबर आला. साहेब तरुण होता, सभ्य होता. म्हणाला, आजोबा, उघडून दाखवा. मामांनी इरकल सोडली. माझी मूठ आपोआप वळली, घोषणा ओठावर आली होती. मामांनी डोळे मिटले आणि कुणाला ऐकू जाईल न जाईल असं म्हणाले, "उचल."

कडी उचलली गेली. लोण्यासारखी.

"ओढ," मामा म्हणाले, आता मोठ्यानं. कडी मागं आली, आणि तिच्यासोबत एक तपकिरी, चकाकती तार लांबत लांबत आली. मग टपकन साहेबाच्या टेबलावर एक गोळा पडला. गूळ, खोबरं आणि दोन मेलेल्या मुंग्या.

मग उलगडलं, आणि पुढं हवालदारानं ते कबूलही केलं. पूजेच्या दिवशी कडी उघडी होती, आणि ते उघडं तोंड पाहून हवालदाराला वाटलं, देवाला नुसता नैवेद्य दाखवतात, ही तर आपल्या घरची, हिला भरवू. त्यानं तिला गूळ-खोबरं भरवलं आणि तोंड बंद केलं. नारळाच्या पाण्यानं काही बिघडलं नव्हतं. गूळ आळला होता, आणि तो एसटीच्या बॉनेटनं वितळवला. माझ्या पत्रकाचा मथळा चूक होता, एवढंच मी इथं नोंदवते.

साहेबानं गोळ्याकडं पाहिलं. मामांनी तो उचलला, मुंग्या झटकल्या, बोटानं कणभर साहेबाच्या तळहातावर ठेवला. म्हणाले, "खंडेनवमीचा परसाद हाय, साहेब. उशीर झाला." साहेबानं तो कपाळाला लावला. खाल्ला मात्र नाही. शेरा चांगला पडला.

पुढं कितीतरी वर्षं ती खटक-खट ओसरीवर वाजत राहिली. गेल्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी डॉक्टरचा दाखला लागत होता. डॉक्टर ओळखीचे, ते सही करायला तयार होते. मामांनीच त्यांचा हात थांबवला आणि सांगितलं की उजव्या डोळ्याला फळा दिसत न्हाय, शेजाऱ्याचाबी न्हाय. तिथनं ते सरळ ठाण्यावर गेले. मी बरोबर होते. तोच हवालदार, आता त्याच्याही मिशा पिकलेल्या. मामांनी रायफल कायमची जमा केली. इरकल मात्र घडी करून परत घेतली.

हवालदार अवघडून म्हणाला, "मास्तर, दसऱ्याला हिची पूजा करू का?"

"कर," मामा म्हणाले. "पण भरवू नको."

आता तिच्या रिकाम्या खुंटीवर तिच्याच मापाची पाचवी लाकडी रायफल आहे, सुतारानं आणून दिलेली. तिला कुठल्या दाराची कडी लावायची, घरात तर एकही उरली नव्हती. मामींनी स्वतःच्या ट्रंकेची काढून दिली.

तर आता मागणी. पाच नाहीत, एकच आहे, आणि ती शासनाकडं नाही, तुमच्याकडं आहे. एखाद्या रविवारी तामलवाडीच्या फाट्यावर उतरा आणि मास्तरांचं घर विचारा. ते तुम्हाला पाचही रायफली दाखवतील, जर्मनीपासून सुरू करून, आणि पाचवी सर्वांत शेवटी, जरा जास्त वेळ हातात धरून. त्या वेळी यातली खरी कुठली, असं विचारायचं नाही. हात पुढं करायचा, आणि ते जे चार शब्द म्हणतील त्याप्रमाणं करायचं.