काचेवरच्या देहाची पूजा

आपणा सर्वांस कळवण्यास अत्यंत दुःख होते की, आमच्या शरीररचना विभागातील एकमेव देहाने परीक्षेच्या सकाळी, पूजा चालू असताना, सर्वांदेखत स्वतःची कातडी उतरवली.

हा देह काचेचा होता. पलंगाएवढं टचस्क्रीन टेबल, त्यात निजलेला माणूस. बोट फिरवलं की कातडी जाते, पुन्हा फिरवलं की स्नायू जातात. मी शिकवते त्या मीरा रोडच्या कॉलेजला त्या वर्षी दानात खरा देह मिळाला नव्हता, म्हणून फेरपरीक्षेचं प्रात्यक्षिक या टेबलावर ठरलं.

परीक्षेला एकच मुलगी होती. उत्तनची, बापाची मासेमारीची होडी. ही तिची शेवटची संधी. आता नापास झाली की डॉक्टरकी कायमची संपली. गावातल्या बायका मात्र तिला आत्ताच डॉक्टरीणबाई म्हणत आणि पोरांचा ताप दाखवायला दारात येत, त्यामुळे सुट्टीतही तिला घरी जाववेना. रोज कॉलेज सुटलं की ती त्या टेबलाशी उभी राही. दोन बोटं ताणून एकेक नस मोठी करी, उलटीसुलटी फिरवी. पण एकदा मला म्हणाली, "मॅडम, काचेवर मना सगला माहीत हाय. खऱ्या मानसात कायच गावत न्हाय." मी म्हटलं, परीक्षा काचेवरच आहे, घाबरतेस कशाला.

आता पूजेचं. आमच्याकडे देहाला फुलं वाहून नमस्कार केल्याशिवाय कुणी सुरीला हात लावत नाही. शेवटी तो कुणाच्या तरी घरचा माणूस असतो. टेबल आलं म्हणून रीत थोडीच मोडायची? विभागाचे शिपाई, आमचे मामा, यांनी भिजवलेली जास्वंद काचेवर वाहिली, कपाळी कुंकू लावलं आणि तुळशीनं पाणी शिंपडलं. काचेला प्रत्येक थेंब म्हणजे बोटच. कातडी गेली. बरगड्या गेल्या. यकृत घरंगळत पायांशी जाऊन बसलं. मामांनी घाबरून ओलं फडकं फिरवलं, तेव्हा डोकं गेलं. मी धावत जाऊन टेबल बंद करून पुन्हा चालू केलं, तर वर अक्षरं उमटली: अपडेट सुरू आहे, कृपया प्रतीक्षा करा.

नेमके तेव्हाच बाहेरगावचे परीक्षक दारात उभे. कडक इस्त्रीचे, कडक नावाचे. मी चहा पुढे केला, खांडवी पुढे केली, हवापाण्यावर बोलले, दोनदा कारण नसताना हसले. अपडेट काही हलेना. सरांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले की त्यांना परत जायचंय, परीक्षा आत्ता घेऊ, नाहीतर गैरहजर लिहू. मुलगी भिंतीला टेकली होती. तिच्या ओठांचा रंग गेला होता.

मग सरांनी बाही दुमडली आणि स्वतःचा हात त्या मेलेल्या काचेवर ठेवला. करंगळीकडे जाणारी नस कोपरापाशी कुठून जाते, तेवढं बोट ठेवून दाखव, म्हणाले.

ती पुढे आली. सरांच्या हातावर दोन बोटं ठेवली आणि ताणली. मोठं करायला.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. तिनं पुन्हा बोटं ताणली. हात होता तेवढाच राहिला. तिच्या डोळ्यांतून पाणी गळून सरांच्या मनगटावर पडलं, ते तिनं घाईनं अ‍ॅप्रनच्या टोकानं पुसलं. सरांनी पेन उघडलं. संपलं, मी मनात म्हटलं. आता हिच्या बापाला फोन कोण करणार?

तेवढ्यात तिनं त्यांचं कोपर दोन्ही हातांनी धरलं, डोळे मिटले आणि आतल्या बाजूच्या हाडामागे अंगठा रुतवून चाचपायला लागली. थोडं वर. थोडं खाली. मग खोल. सरांची करंगळी ताडकन उडाली, दुसऱ्या हातातलं पेन मामांच्या पायाशी जाऊन पडलं. तिला काही कळलं नव्हतं, ती जीव खाऊन दाबतच होती. आणि ज्यांच्या नुसत्या नावानं मुलं आजारी पडत, ते सर कळवळून म्हणाले, "अगं सापडली, सापडली, सोड माझे आई."